गाळ काढलेल्या नदीवर गरवणारे आणि पाटबंधारे कार्यालय यांनी एकत्र काम कसे करावे?

भरती_ओहोटी यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, एका लहान नदीच्या मुखापासून थोडे आत वसलेले आहे. नदीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला कोणाविरुद्ध तक्रार मांडायची नसून मार्ग विचारायचा आहे. गरी टाकून मासे धरण्याला आमच्याकडे गरवणे म्हणतात आणि नियमाने गरवायला जाणारे आम्ही वीस-पंचवीस जण आहोत. त्यात शिक्षक आहेत, रिक्षा चालवणारे आहेत, दोन आंबा बागायतदार आहेत, कॉलेजात जाणारी मुले आहेत आणि नोकरी संपवून मुंबईहून परतलेले काही जण आहेत. आमच्यापैकी कोणाचेही पोट या माशांवर चालत नाही, परंतु नदी आमच्या रोजच्या पाहण्यातली आहे आणि तिची आम्हाला मनापासून काळजी आहे.

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण बुडाले, त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव या नद्यांतील गाळ काढण्याचे मोठे काम झाले, हे सर्वांना माहीत आहे. आमच्या नदीतील गाळही गेल्या दोन हंगामांत काढण्यात आला आणि त्याचा लाभ निर्विवाद आहे. जेथे भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी जोराच्या, ओहोटीला होडीचा तळ वाळूला टेकत असे, तेथे आता छातीइतके पाणी राहते, आणि बऱ्याच वर्षांनी तांबोशी पुलाच्या वरच्या अंगापर्यंत येऊ लागली आहे.

अडचण कामाच्या पद्धतीत आहे. गेल्या एप्रिलमध्ये ठेकेदाराने नदीच्या एका वळणावर मातीचा आडबांध घातला आणि आतील पाणी पंपाने उपसण्यास सुरुवात केली. आम्हाला हे योगायोगाने कळले. आम्ही पाच जण पोहोचलो तेव्हा पोकलेनच्या पट्ट्यांच्या खुणांमध्ये गुडघाभर चिखलपाणी उरले होते आणि त्यात काळुंदर, शेंगटी, बोयटे आणि हाताएवढी दोन जिताडी तोंडे वर काढून हवा घेत होती. मिळतील त्या बादल्यांतून आणि ओल्या गोणपाटांतून आम्ही सुमारे दोन तास मासे खालच्या पाण्यात नेले, तरी निम्म्याहून अधिक मेले. ठेकेदाराचा मुकादम चांगला माणूस होता. त्याने पंप अर्धा तास थांबवला. "आधी सांगितले असते तर कालच थांबलो असतो," असे तो म्हणाला, आणि ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

पुढील टप्प्याचे काम दिवाळीनंतर सुरू होणार असे ऐकतो. दरम्यान खारभूमी बांधाच्या (खाडीचे खारे पाणी शेतात येऊ न देणाऱ्या बांधाच्या) उघाडीजवळ, म्हणजे पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या दाराजवळ, मासेमारीस मनाई असल्याचा फलक लागला आहे, त्यामुळे आमच्यातील काही तरुण नाराज आहेत. कार्यालयाशी भांडण न करता सहकार्याचा काही लेखी मार्ग निघू शकतो का? परदेशात जुने कालवे पुन्हा सुरू करताना मासे गरवणाऱ्यांचे क्लब आणि कालव्याची व्यवस्था पाहणाऱ्या संस्था मिळून काम करतात, असे वाचले होते. तेथे नेमके काय करतात आणि त्यातील काय आपल्याकडे लागू पडेल?

---

कालव्याकाठी यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही. मी मूळचा गुहागर तालुक्यातील असून नोकरीनिमित्त चौदा वर्षे इंग्लंडच्या मध्य भागात राहिलो आणि तेथील एका क्लबाचा सभासद म्हणून कालव्यावर गरवत असे.

इंग्लंड आणि वेल्समधील बहुतेक कालवे पूर्वी ब्रिटिश वॉटरवेज या सरकारी संस्थेकडे होते. २०१२ मध्ये त्यांची जबाबदारी कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आली आणि आज सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग तिच्या देखरेखीखाली आहेत. यांतील कित्येक कालवे रेल्वे आल्यावर ओस पडले होते. केनेट आणि एव्हन हा सुमारे १४० किलोमीटरचा कालवा १८१० मध्ये पूर्ण झाला, विसाव्या शतकाच्या मध्यावर तो मोडकळीस आला, आणि स्वयंसेवकांनी अनेक वर्षे खपून केलेल्या कामानंतर १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते पुन्हा खुला झाला. कालवा खुला झाला की त्याच पाण्यावर नावा चालवणारे, काठाने चालणारे, सायकलवाले आणि गरवणारे असे सर्वच हक्क सांगू लागतात. त्यामुळे सहकार्याची गरज तेथे सद्भावनेतून जितकी आली, तितकीच या दाटीतूनही आली.

पद्धत अशी आहे. क्लब ट्रस्टकडून कालव्याचा ठरावीक पट्टा कराराने भाड्याने घेतो. सरकारचा गळाचा परवाना प्रत्येकाने स्वतंत्रपणे काढायचा असतो आणि क्लबाचे सभासदत्व किंवा दिवसाचे तिकीट त्यावर वेगळे. करार झाला म्हणजे काठ क्लबाच्या मालकीचा होतो, असे मात्र मुळीच नाही. लॉकपाशी, म्हणजे नावा वर-खाली चढवण्याच्या पाण्याच्या दारांपाशी, नावा वळवण्याच्या जागी आणि विजेच्या तारांखाली गळ टाकायचा नाही, हे सर्वांना बंधनकारक असते. कार्बनच्या लांब काठीतून वीज वाहते आणि तारेला काठी लागून माणसे दगावलेली आहेत, त्यामुळे या शेवटच्या नियमावर कोणीही वाद घालत नाही. आपल्या उघाडीच्या फलकाकडेही मी याच नजरेने पाहीन.

आपल्याला जे चिखलात पाहावे लागले, त्यासाठी तेथे ठरलेली व्यवस्था आहे. लॉकची दारे बदलणे किंवा भिंती दुरुस्त करणे ही कामे प्रामुख्याने नोव्हेंबर ते मार्च या काळात होतात आणि कोणता भाग कधी बंद राहणार याचे वेळापत्रक आधी जाहीर होते. पाणी काढण्यापूर्वी त्या भागातील मासे उचलून कालव्याच्या दुसऱ्या भागात सोडणे हा कामाचाच एक भाग मानला जातो. प्रशिक्षित माणसे पाण्यात सौम्य वीजप्रवाह सोडून माशांना क्षणभर गुंगी आणतात आणि ते जाळीने उचलतात, किंवा ओढजाळे लावतात. मी एकदा क्लबातर्फे काठावर मदतीला उभा होतो. माझे काम इतकेच होते की टबातील पाण्यात हवा सोडणारी नळी निसटत नाही ना, हे पाहायचे आणि टब गच्च भरू द्यायचा नाही. वीतभर लांबीचे रोच मासे एका टबात किती ठेवायचे यावरून तेथील प्रमुख बाई आम्हाला दोनदा रागावल्या होत्या, आणि त्यांचे बरोबर होते, कारण मासा पाण्याबाहेर मरतो तितकाच सहज गर्दीच्या पाण्यातही गुदमरतो. आपल्याकडे वीजप्रवाहाचा प्रयोग कोणीही करू नये. तो धोकादायक आहे. ओढजाळे, मोठे टब आणि आधी कळलेली तारीख एवढ्यावर आपले काम होईल.

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते आपल्या नदीला अधिक जवळचे आहे. वेल्सच्या सीमेवरील माँटगोमेरी कालवा १९३६ मध्ये काठ फुटून बंद पडला आणि १९४४ मध्ये कायद्याने सोडून देण्यात आला. १९६९ पासून स्वयंसेवकांनी तो पुन्हा उकरण्यास घेतला. मधल्या काळात त्या संथ पाण्यात दुर्मीळ पाणवनस्पती वाढल्या होत्या, त्यामुळे सगळाच कालवा एकसारखा खणून नावा सोडणे योग्य ठरले नसते. म्हणून काही ठिकाणी मुख्य प्रवाहाला लागून वेगळी संरक्षित तळी करून वनस्पतींना जागा देण्यात आली आणि ते काम आजही टप्प्याटप्प्याने चालू आहे. पुनरुज्जीवन म्हणजे केवळ खोली वाढवणे, ही समजूत तेथेही हळूहळूच बदलली.

तेथून जशीच्या तशी उचलू नये अशी गोष्ट म्हणजे भाडेपट्टा. त्या कालव्यांतून पोटासाठी मासेमारी करणारा समाज नाही. आपल्या खाडीत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि हौशी मंडळींनी नदीचा पट्टा स्वतःच्या नावे मागणे हे अन्यायाचे होईल.

---

निवृत्त_शाखा_अभियंता यांचे उत्तर

मी जलसंपदा विभागात एकतीस वर्षे नोकरी केली आणि त्यातील बराच काळ कोकणात गेला. कार्यालयाच्या बाजूने दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण लोकांचे अर्ज वाया जातात ते बहुधा मागणी चुकीची असते म्हणून नव्हे, तर ती चुकीच्या वेळी येते म्हणून.

काम प्रथम सर्वेक्षणात ठरते. नदीचे ठरावीक अंतरावर आडवे छेद घेतले जातात, त्यावरून किती घनमीटर गाळ काढायचा याचे अंदाजपत्रक तयार होते, मग मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश. एकदा आदेश निघाला की ठेकेदाराला अंदाजपत्रकातील बाबींचे पैसे मिळतात आणि त्यात नसलेले काम सांगणे शाखा अभियंत्याला फार कठीण जाते. "अमुक वळणावरचा डोह तसाच ठेवावा" किंवा "पाणी उपसण्यापूर्वी मासे हलवण्यासाठी एक दिवस राखून ठेवावा" ही वाक्ये अंदाजपत्रक होण्याआधी आली, तर ती कागदावर येऊ शकतात. पोकलेन नदीत उतरल्यावर आली, तर चांगला अधिकारीही हळहळण्यापलीकडे फारसे करू शकत नाही.

डोहांविषयी मला विशेष सांगायचे आहे. छेद घेऊन एकसारखा उतार दिला की नकाशावर नदी नीट दिसते, पण कोकणातील नदी उन्हाळ्यात कोंडींमध्ये, म्हणजे खोल डोहांमध्ये, जगते. मार्च-एप्रिलमध्ये प्रवाह तुटतो तेव्हा खवळ, मरळ आणि अहीर या कोंडींत राहतात. (वाशिष्ठीचा अपवाद आहे. कोयनेच्या वीजनिर्मितीतून पश्चिमेकडे सोडलेले पाणी तिला मिळते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती असते. तिच्या अनुभवावरून इतर नद्यांचा अंदाज बांधू नये.) कोंडीच्या तोंडाचा गाळ काढणे आवश्यक असते, परंतु तिचा खडक फोडून तळ सपाट करू नये आणि काठावरची करंज, उंबर ही झाडे काढू नयेत, कारण त्यांची मुळे काठ धरून ठेवतात. कोणती कोंड उन्हाळ्यात किती पाणी धरते, हे कार्यालयातील कोणापेक्षाही आपल्या मंडळींना अधिक ठाऊक आहे. हे ज्ञान नकाशावर खुणा करून द्या. मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, तेही लिहा. अभियंत्याला असा कागद उपयोगी पडतो.

उघाडीच्या फलकाबाबत कृपया आग्रह धरू नका. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने मिटते आणि ओहोटी लागली की आतील पाण्याच्या जोराने उघडते. झडप उघडताना तिच्या पुढ्यात जी ओढ तयार होते, तिने धडधाकट माणसाचे पाय सुटल्याचे मी पाहिले आहे. मासे तेथे गोळा होतात, म्हणूनच गरवणाराही तेथे जातो, हे मला समजते. बांधावर दोन्ही बाजूंना अंतर ठरवून तेथे दगडी खुणा लावाव्यात आणि त्यापलीकडे गरवण्यास हरकत नसावी, अशी विनंती करता येईल. उलट एक मागणी आपण जरूर करावी. झडपेत ओंडका किंवा प्लॅस्टिक अडकले की ती अर्धवट उघडी राहते आणि खारे पाणी भातशेतीत शिरते. रोज काठावर असणाऱ्या माणसाने त्याच दिवशी फोन केला तर शेतकऱ्याचे पीक वाचते. आपल्या गटाची ही मदत कोणतेही कार्यालय नाकारणार नाही.

अर्ज कोणाकडे करायचा, हेही महत्त्वाचे आहे. गोड्या पाण्याच्या भागात पाटबंधारे, बांध आणि उघाडी खारभूमीकडे, वाळू महसूल खात्याकडे, मासेमारीचे नियम मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि कांदळवन असेल तर वन विभाग, अशी विभागणी आहे. जेथपर्यंत भरतीचा प्रभाव पोहोचतो तेथे किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यातील क्षारता हजारी पाच भाग जेथे भरते, ती जागा त्यासाठी हद्द मानतात. दाभोळ खाडी आणि वाशिष्ठीचा ४५ किलोमीटरचा पट्टा तर २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ म्हणून घोषित झालेला आहे. आपली नदी लहान असली तरी एकच अर्ज सर्वांना प्रत देऊन करावा, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडावा आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नये.

---

भोईवाडी यांचे उत्तर

मी खाडीतल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचे सचिवपद सांभाळते. माझ्या घरात चार पिढ्या पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकणारे आहेत. वरील उत्तरांत आमचा उल्लेख आला त्याबद्दल आभार, पण मला तो अधिक पुढे आणायचा आहे.

गाळ काढताना पहिले नुकसान होते ते ओहोटीला मुळे आणि कालवे (खाण्याचे शिंपले) काढणाऱ्या बायकांचे. काढलेला गाळ काठावर टाकला आणि पहिल्या पावसात तो परत खाली सरकला, की मुळ्यांची जागा त्याखाली गाडली जाते. गरी टाकणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तो पाण्याकडे पाहत असतो. आपण अर्ज करणार असाल तर गाळ कोठे टाकायचा हे वाक्य माशांच्या वाक्याइतक्याच ठळकपणे लिहावे आणि जागा ठरवताना या बायकांना बोलवावे.

दुसरी गोष्ट कडवट वाटेल, तरी लिहिते. सुट्टीच्या दिवशी बाहेरून येणारे गरवणारे तुटलेला तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) काठावरच्या कांदळवनात सोडून जातात. गेल्या वर्षी चिखलात उतरलेल्या माझ्या आत्याच्या पायात गरी रुतली आणि ती काढायला तालुक्याच्या गावी जावे लागले. आपले सभासद असे करत नसतील, यावर माझा विश्वास आहे. परंतु कार्यालयाकडे जाण्यापूर्वी आपण आमच्या संस्थेसारख्या संस्थेकडे यावे आणि गरवलेला मासा विकणार नाही, तंगूस आणि गऱ्या मोजून परत नेऊ, असे लिहून द्यावे. तसे झाले तर अर्जावर आमचीही सही मिळेल, आणि दोन सह्यांच्या अर्जाचे वजन वेगळे असते.

तिसरी गोष्ट चढणीच्या माशांची. मिरगाचा पाऊस पडला की अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यांत आणि शेतांत चढतात. समुद्रातील यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, परंतु ओढ्यात काठ्या आणि पाती घेऊन उतरणाऱ्यांना कोणी अडवत नाही. आपण आणि आम्ही मिळून आपल्या नदीपुरते ठरवले तर निदान पहिले आठ दिवस मासे निर्धास्त वर जाऊ शकतील. महाडजवळ वाळण कोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून मासे पिढ्यान्‌पिढ्या राखलेले आहेत. तेथे पहारेकरी नसतानाही कोणी गळ टाकत नाही. अशी राखण आपल्या लोकांना नवी नाही. त्याचबरोबर नदीत स्फोटके किंवा विष टाकून मासे मारणे हा १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, तरी ब्लीचिंग पावडरचे प्रकार उन्हाळ्यात घडतातच. रात्री काठावर असणारे आपणच असता. दिसले तर पोलीस पाटलांना आणि आम्हाला लगेच कळवावे.

---

भरती_ओहोटी यांचे उत्तर

तिन्ही उत्तरांसाठी मनःपूर्वक आभार. मी लिहून ठेवलेल्या अर्जात पहिला परिच्छेद फलकाविषयी होता, तो काढून टाकला आहे. आमच्या बैठकीत तरुणांनी उघाडीच्या ओढीचा मुद्दा ऐकल्यावर स्वतःच अंतर सुचवले, आणि झडपेवर लक्ष ठेवण्यासाठी आठवड्याच्या वाटण्याही झाल्या.

भोईवाडीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आमच्या खाडीतील संस्थेच्या अध्यक्षांना आम्ही रविवारी भेटलो. सुरुवातीला ते फारसे बोलले नाहीत. आमच्यातील एका सभासदाने अकरा वर्षे तिथीवार ठेवलेली वही पुढे केली, ज्यात उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) की भांग, पाण्याचा रंग, कोणता मासा कोणत्या आमिषाला लागला आणि किती सोडले, हे सर्व आहे. ती त्यांनी बराच वेळ चाळली आणि गाळ पडल्यापासून काळुंदर कोणत्या वर्षी कमी झाली, हे त्यांच्या आठवणीशी ताडून पाहिले. त्यानंतर चर्चा मोकळी झाली. नकाशावर नऊ कोंडी आम्ही दोघांनी मिळून दाखवल्या, त्यांपैकी दोन आम्हाला माहीतच नव्हत्या.

अभियंता साहेबांना एक विचारायचे आहे. पाणी उपसण्याची आगाऊ सूचना किती दिवसांची मागावी, आणि अर्ज आताच द्यावा की पाऊस संपल्यावर?

---

निवृत्त_शाखा_अभियंता यांचे उत्तर

अर्ज आताच द्या. पावसाळ्यात क्षेत्रीय कामे थांबलेली असतात आणि टेबलावरची कामे त्याच काळात होतात. सूचना सात दिवसांची मागा. तीन दिवसांची मिळाली तरी स्वीकारा. ती लेखी नव्हे, तर दूरध्वनीवर मागा आणि त्यासाठी आपल्या व संस्थेच्या प्रत्येकी एका माणसाचा क्रमांक अर्जातच द्या, कारण आडबांध कधी बंद होणार हे ठेकेदारालाही अनेकदा आदल्या दोन दिवसांतच कळते. उपसा शक्यतो भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास घ्यावा, अशी विनंती जोडा. उधाणाच्या भरतीत मातीचा आडबांध फुटण्याची भीती असते, त्यामुळे ही विनंती ठेकेदाराच्याही सोयीची आहे.